मीरासाबाची लेक

कसबा बावड्यात नुसतं बनाबाईचं घर विचारलं तर माणसं तोंडाकडं बघत राहायची. 'मीरासाबाची बनाबाई' म्हटलं की मात्र चहाच्या गाड्यावरचा गडी हातातली किटली खाली ठेवून रस्ता दाखवायचा. आता बघा, बनाबाई मराठ्याची. दारात तुळस, देव्हाऱ्यात जोतिबा, बापाचं नाव केरबा. मीरासाब नावाचा माणूस त्या घराच्या उंबऱ्याला कधी शिवला नव्हता. पण जिभेला हाड नसतं, आणि गावाच्या जिभेला तर लगामही नसतो.

झालं होतं असं. केरबा मुंबईला गोदीत कोळसा वाहायचा. बेचाळीस साली, लढाई ऐन भरात असताना, तो एकाएकी नाहीसा झाला. बायको अंबूबाई इकडं बावड्यात, पोटुशी, आठवा महिना. पत्र नाही, निरोप नाही, माणूस नाही. सहा महिन्यांनी भावकीतला एकजण चौकशीला मुंबईला गेला आणि बातमी घेऊन आला. म्हणे, केरबा नावाचा कुणी बोटीवर गेल्याची नोंदच नाही. पण केरबाला ओळखणाऱ्या दोघा हमालांनी त्याला 'मीरासाब' नावानं हजेरी देऊन बोटीवर चढताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय.

बस्स, भावकीला एवढं पुरलं. केरबा बाटला, मीरासाब झाला, कुणा बाईशी निकाह लावला आणि पोटुशी बायको टाकून पळाला, असं चार दिवसांत गावभर झालं. मनुष्य दुसऱ्याच्या नावानं का चढला असेल, हे विचारायची गरज कुणाला वाटली नाही. बाटल्याशिवाय कुणी मीरासाब होतं का, असा हिशेब. अंबूबाई तेवढी म्हणत राहिली, "माझा नवरा बाटणारा न्हवं आन पळणारा बी न्हवं." चौऱ्याऐंशी साली ती मेली, तेव्हाही कपाळावर रुपयाएवढं कुंकू होतं आणि गाव तोंडाला पदर लावून त्या कुंकवाला हसत होतं.

बनाबाईनं हे सगळं सोसलं. सोसलं म्हणजे गप्प बसून नव्हे हां. ती तोंडाची फाटकी, एकाला चार सुनवायची. लग्न जमता जमेना तेव्हा कागलकडचा एक भला माणूस घरजावई म्हणून आला, त्याच्याबरोबर तिनं संसार रेटला, मुलगा बाळासो वाढवला, नवऱ्याला शेवटचं पाणीही पाजलं. पण आई गेल्यापासून तिच्या डोक्यात एक किडा शिरला होता. खरं कुणाचं, आईचं की गावाचं? पितृपंधरवड्यात म्हाळ घालताना दरसाल हात अडायचा. बापाचं पान वाढावं, तर तो मेलाय कशावरून? न वाढावं, तर आईला खोटं पाडल्यासारखं. त्र्याऐंशी वर्षांची झाली बाई, गुडघे गेले, एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. मरायच्या आत तेवढं एक कळू दे, एवढंच तिचं देवाकडं मागणं होतं. बाप पळालाय असं कळलं तरी चालेल म्हणायची, शिव्या घालून मोकळी तरी होईन.

मार्गशीर्षातली गोष्ट. कारखान्याचं गाळप जोरात चाललं होतं, मळीचा वास घराघरांत शिरला होता, आणि बनाबाई अंगणात उन्हाला बसून शेंगा फोडत होती. एक मोटरसायकल दारात थांबली. पंचेचाळिशीचा माणूस, इस्त्रीचा शर्ट, छातीशी प्लॅस्टिकची फाइल धरलेली.

"केरबा तुकाराम यांचं घर हेच काय?"

बनाबाईनं मान वर केली. गेल्या चाळीस वर्षांत हे नाव तिच्या दारात कुणी घेतलं नव्हतं.

"हेच. कुठलं पावणं तुमी?"

"जयसिंगपूरचा. वसीम माझं नाव. शिरोलीला फाउंड्रीत असतो." त्यानं घाम पुसला. "तुमी मला वळखणार न्हाई आज्जी. मी मीरासाबचा नातू."

शेंग हातात तशीच राहिली. बनाबाईच्या कानात कारखान्याचा भोंगा वाजावा तसं झालं. म्हणजे खरंच होतं की! आई खोटी आणि गाव खरं. मीरासाब होता, जयसिंगपुरात होता, आणि हा त्याचा नातू म्हणजे आपल्या भावाचा मुलगा. आपला भाचा! ती त्याच्याकडं टक लावून बघत राहिली. कान बाहेर आलेले. आपलेही तसेच आहेत. रक्त कुठं लपतंय?

"बस," ती म्हणाली. "बाळासो, खुर्ची आण रं. आन च्या टाकाय सांग."

बाळासो खुर्ची घेऊन आला, पण आतून सगळं ऐकूनच आला होता. कारखान्यातून रिटायर झालेला, साठीला टेकलेला माणूस, चेहरा कायम कुणावर तरी चिडल्यासारखा. आईच्या कानाशी वाकून तो पुटपुटला, आणि त्याचं पुटपुटणं म्हणजे चार घरं ऐकतील असं, "आय, सातबाऱ्याला नाव लावाय आलाय ह्यो. जागंला भाव आल्यावर बरी आठवण झाली आमची!"

"गप की रं मुडद्या. काय बी झालं तरी रगताचा हाय."

वसीम बिचारा गोंधळला. त्याला वाटलं म्हातारीला नीट ऐकू येत नसेल. तो खुर्चीच्या कडेवर टेकला.

"कवा गेला?" बनाबाईनं विचारलं.

"कोण, आजोबा? अठ्ठ्याण्णवला."

"कुठं?"

"घरीच. जयसिंगपुरात. थकून, झोपेतच गेले."

बनाबाईनं मनात आकडा मांडला. आय गेली चौऱ्याऐंशीला. तिच्यानंतर चौदा वर्षं हा बाबा जिवंत होता, एसटीनं तासाभराच्या वाटेवर! परदेशी बिरदेशी कुठं गेलाच नव्हता. बायको कुंकू लावून वाट बघत मेली आणि हा जयसिंगपुरात आठवड्याचा बाजार करत होता.

"पोरं किती त्येला?"

"चार. माझे वडील थोरले."

"चार!" बनाबाई हसली, पण ते हसणं बघून बाळासो दोन पावलं मागं सरला. "आन बायको? बरी हुती?"

"रोशनबी. माझी दादी. लई मायाळू. गेल्या रमजानमध्येच वारली."

"असंल की. असंल. मायाळूच मिळाली असंल." आणि मग बांध फुटला. बनाबाईनं शेंगांचं सूप बाजूला भिरकावलं. "मग आमच्या आयनं काय घोडं मारलंतं त्येचं? आँ? तिनं भाकरी करपवली हुती का? पोटुशी टाकून गेला, लेक काळी का गोरी बघाय आला न्हाय! गावानं तोंडात शेण घातलं आमच्या, आन त्यो तिकडं चार पोरं खेळवत बसला! मेला तवा तरी एक पोस्टकार्ड टाकायचं हुतं रं! सुतळीच्या तोड्याएवढी तरी लाज…" इतकी वर्षं साठवून ठेवलेल्या शिव्या ऐन वेळी आठवेनात.

वसीम उभा राहिला होता. "आज्जी, आज्जी, थांबा जरा. माझ्या आजोबांनी तुमच्या आईला कशाला टाकलं? त्यांचा काय संबंध?"

"संबंध विचारतोस? तुझा आजा म्हंजी माझा बा!"

वसीम परत खुर्चीत टेकला.

"या अल्ला," तो म्हणाला. "म्हणून त्या गाड्यावरचा माणूस 'मीरासाबाची बनाबाई' म्हणाला व्हय! मला वाटलं, आजोबांची गोष्ट हितं ठाऊक दिसत्या." त्यानं घाईघाईनं फाइल उघडली. "न्हाई ओ आज्जी. मीरासाब येगळे आन केरबा येगळे. तुमचे वडील बेचाळीस सालीच गेले. तेच सांगाय आलोय मी."

त्यानं एक फोटो काढून बनाबाईच्या हातात दिला. जुना, कडा खाल्लेला, मुंबईच्या कुठल्याशा स्टुडिओतला. दोन जवान गडी. एक उभा, लुंगी आणि बंडी घातलेला, डाव्या भुवईवर मोठी खोक. दुसरा खुर्चीवर बसलेला, फेटा बांधलेला, कान बाहेर आलेले आणि चेहरा असा की जणू फोटोवाल्यानं त्याची कुरापत काढलीय.

"उभे हैत ते माझे आजोबा, मीरासाब. ही भुवई बघा, आन हा त्यांचा म्हातारपणचा फोटो बघा. तीच खोक. आन बसलेत ते केरबा."

बनाबाईला चष्म्यातून दिसेना. बाळासोनं फोटो हिसकून घेतला, उन्हाला धरला आणि ओरडलाच.

"आय! आगं ह्यो तर मीच की!"

खरंच. फेटा काढला असता तर बाळासोच खुर्चीत बसला होता. तेच कान, तेच कपाळ, तोच कुणावर तरी कायमचा राग. बनाबाईनं जन्मात बापाचं तोंड बघितलं नव्हतं, आणि ते साठ वर्षं रोज तिच्या ताटासमोर बसून आमटीत मीठ कमी म्हणून कुरकुरत होतं. ती फोटोवर बोट फिरवायला लागली. एकदा ह्या गड्यावर, एकदा त्या गड्यावर. दोन माणसं. चांगली दोन येगळी माणसं, हातभर अंतरावर.

"नीट सांग," ती म्हणाली. "एक बी गाळू नगंस."

मग वसीमनं सांगितलं. मीरासाब बोटीवर आगवाला होता, म्हणजे खाली इंजिनाच्या पोटात भट्टीला कोळसा घालणारा. केरबा गोदीत तोच कोळसा बोटीवर चढवायचा. दोघे कोल्हापूर संस्थानातले, दोघांना मुंबईची गोडी आमटी घशाखाली उतरत नव्हती, एवढ्यावर दोस्ती जमली. बोट सुटायच्या दिवशी मीरासाबला हिवतापानं गाठलं. लढाईचे दिवस. नाव लागलेला माणूस हजर नसला तर पळपुटा म्हणून धरून नेत. टोळीचा मुकादम, त्याला सारंग म्हणायचे, तो तर डोक्याला हात लावून बसला. तेव्हा केरबा म्हणाला, तुझं बुक दे, एक फेरी मारून येतो, घरात पाळणा हलणार आहे, मलाही कामाची गरज आहे. बोटीवर जायला खलाशाचं बुक लागायचं, ते केरबाकडं नव्हतं. मीरासाबचं होतं. गोऱ्या सायबाला सगळी काळी तोंडं सारखीच. केरबा मीरासाबच्या नावानं हजेरी देऊन वर चढला, तो असा.

"दिवाळीच्या आधी चार दिवस पाणबुडीनं बोट फोडली," वसीम म्हणाला. "दुपारची वेळ. तुमचे वडील पाळीवर खाली हुते. खालचं कुणीच वर आलं न्हाई. सारंग फळीवर तरंगत वाचला, त्यानं येऊन आजोबांना सांगितलं. त्यो म्हणाला, एका दणक्यात झालं, काय कळाय वेळसुद्धा मिळाला नसंल."

बनाबाईनं डोळे मिटले. "मी जन्मलीवती?"

"दोन-तीन हप्त्याच्या असाल." त्यानं आणखी एक कागद काढला, पिवळा पडलेला, इंग्रजीतला. "हे आमच्या घरी आलेलं सरकारी पत्र. मीरासाब मेला म्हणून. आन पत्र वाचून घेणारा मीरासाबच! मुंबईत खलाशांच्या नावांचा दगड हाय, तिथं आजोबांचं नाव कोरलंय. मी बघून आलो. मेलेला माणूस पुढं पंचावन्न वर्षं भाकरी खात हुता, आन खराखुरा मेला त्येचं कुठं नावच न्हाई. आजोबा बोलले असते तर दुसऱ्याला बुक दिलं म्हणून तुरुंगात गेले असते. सरकारनं भरपाईच्या पैशाच्या सहीला बोलावलं, तिकडं बी घरातलं कुणी गेलं न्हाई."

"आन आमाला सांगाय काय झालंतं?" बनाबाईचा आवाज परत चढला.

वसीमनं मान खाली घातली. "आलते ते. त्रेचाळीसच्या उन्हाळ्यात, बावड्याला, हितंच. तुमची आई पाण्याला निघालेली, कडेवर तुमी, कपाळाला ठसठशीत कुंकू. आजोबा दादीला म्हणाले, माझ्या तोंडानं ते पुसवंना. तसेच माघारी गेले. परत धाडस झालं न्हाई. पण शब-ए-बारातीला, आमच्यात मेलेल्या माणसांची आठवण करून फातेहा पढतात, तवा हलव्याची एक वाटी केरबाच्या नावानं असायची. दरवर्षी. आम्ही पोरं विचारायचो, केरबा कोण? दादीनं मरताना सांगितलं. म्हणाली, आता त्या बाईचं कुंकू पुसायचं भ्या न्हाई, लेक असंल तर तिला जाऊन सांग."

सून चहा घेऊन आली होती, ती तशीच कप धरून उभी राहिली. बनाबाईच्या मनात मात्र दोन बायका एकदम उठल्या होत्या. एक म्हणत होती, शाबास रं मीरासाबा, माझ्या आयचं कुंकू राखलंस. दुसरी म्हणत होती, कुंकू राखलंस आणि अब्रू घालवलीस, भित्र्या! एक शब्द टाकला असतास तर आय ताठ मानेनं विधवा झाली असती.

"भ्याड हुता तुझा आजा," ती अखेर म्हणाली.

"व्हय आज्जी."

"पर मनानं वाईट न्हवता."

"न्हाई."

"च्या घे. गार हुतोय."

वसीमनं कप तोंडाला लावला आणि पहिल्यांदा त्याचे खांदे खाली आले. त्या दगडावर केरबाचं नाव घालण्यासाठी अर्ज करायचाय, त्याला लेकीची सही लागते, एवढं त्यानं भीत भीत सांगितलं. बाळासो, जो घटकेपूर्वी सातबारा घेऊन भांडायला निघाला होता, त्यानं स्वतःच्या खिशातला पेन काढून आईच्या हातात दिला, आणि वसीमला म्हणाला, "पावणं, जेवल्याबिगर सोडत नसतोय."

बनाबाईनं सही केली. सही करताना तिच्या ध्यानात आलं की छातीवर आठ दशकं ठेवलेलं काहीतरी कुणी उचलून नेलंय. श्वास थेट पोटापर्यंत चाललाय. बा पळाला नव्हता. बा बाटला नव्हता. बा मेला होता! आपल्या पाळण्यासाठी काम करता करता, दुसऱ्या गड्याची अडचण भागवता भागवता, चांगला सरळ मेला होता. आय, जिंकलीस की गं तू!

ती उठली. गुडघे कुरकुरले, पण आज त्यांचं ऐकतंय कोण. फोटो हातात धरून ती तरातरा शेजारच्या दारात गेली. शेजार म्हणजे सख्ख्या चुलतभावाचं घर, मधे एकच भिंत. तिथं चिमणाबाई बसली होती, त्या चुलतभावाची बायको, बनाबाईपेक्षा तीन वर्षांनी मोठी. 'मीरासाबाची' हे नाव गावानं एकदा ठेवलं असेल, पण लग्न होऊन आल्यापासून त्याला रोज पाणी घालून जगवलं ते चिमणाबाईनं. अंबूबाई गेली तेव्हा भावकी खांदा द्यायला आली, पण चिमणाबाईच्या घरानं सुतक काही धरलं नाही. बाटग्याची बायको, आमची कोण, म्हणाली होती.

"वैनी!" बनाबाई दारातूनच ओरडली. चिमणाबाईला कमी ऐकू यायचं, आणि बनाबाईला तर अख्ख्या गल्लीला ऐकवायचं होतं. "वैनी, माझा बा मेला गं!"

"कोण मेलं?"

"माझा बा! केरबा! बेचाळीस सालीच मेलाय! बोटीवर कोळसा घालताना मेला! ऐकलं का गं बायांनो, माझा बा मेला!"

गल्ली गोळा झाली. कुणी हातातलं पीठ घेऊन आलं, कुणी फोन कानाला तसाच धरून आलं. बाप मेला म्हणून सांगणारी त्र्याऐंशी वर्षांची म्हातारी, आणि तोंड बघावं तर लेकीच्या घरी पेढे घेऊन निघाल्यासारखं. म्हातारीचं डोकं फिरलं म्हणून दोघींनी तिला धरायला हात पुढं केले. बाळासो वसीमला घेऊन मागून पळत आला आणि जमेल तसं एकेकाला समजावून सांगायला लागला.

चिमणाबाईनं फोटो घेतला. डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, परत जवळ नेला. एकदा बाळासोकडं बघितलं, एकदा उभ्या असलेल्या वसीमकडं.

"बाटला न्हवता?"

"न्हाय."

"पळाला बी न्हवता?"

"कुठला पळतोय गं! दुसऱ्याच्या नावानं गेला आन त्येच्या वाटणीचं मरण घेऊन बसला."

चिमणाबाईनं फोटो पदरानं पुसून बनाबाईच्या हातात परत दिला. मग तिनं बाजल्यावरून पाय खाली सोडले, काठी चाचपली आणि आत हाक मारली, "सूनबाई, पाणी काढ. घरातल्या समद्यांचं."

"आत्ता? तुमची आंघोळ सकाळीच झाली की!"

"चुलतसासरा गेलाय माझा. आत्ता कळालं. आमच्यातला माणूस गेल्यावर आंघोळ कराय नगं व्हय? चुलीवरचं बी उतरून ठेव. आज तळण न्हाय, गोड न्हाय."

ते ऐकलं आणि बनाबाईचं हसू कुठल्या कुठं गेलं. ती तिथंच पायरीवर बसली आणि रडायला लागली, मोठ्यांदा, छाती बडवत, बाप मेल्यावर लेक रडते तशी. त्र्याऐंशी वर्षांत हे रडणं तिला एकदाही मिळालं नव्हतं. बाया तिच्याभोवती बसल्या. वसीम खिशातला रुमाल डोक्यावर घेऊन उभा राहिला. कुणी तिला गप्प कर म्हणालं नाही.

चिमणाबाईनं तिला पोटभर रडू दिलं. मग काठी टेकत आली, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "ऊठ वन्सं. पाणी काढलंय. पैली आंघोळ लेकीची."